न उचललेलं बोट

कुरणाच्या कुंपणावरून शेजारच्या टॉर्किलचं आणि माझं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. तरी डोंगरातल्या आमच्या एकेरी रस्त्यावर समोरासमोर आलो, की एक जण वाट देण्यासाठी कडेला ठेवलेल्या थांब्यात गाडी घेई आणि जाताना दोघंही ओळखीदाखल स्टिअरिंगवरून बोट उचलत असू. तेवढं मोडलं नव्हतं.

आज मी थांबून वाट दिली, पण तो बोट न उचलताच गेला. मला चैन पडेना. गाडी रिव्हर्स घेत मागे गेलो. मागच्याच थांब्यात तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता.

"बायकोला इनव्हर्नेसच्या हॉस्पिटलात हलवलंय," तो म्हणाला. "गाडी चालवणं जमत नाहीये मला."

मी त्याच्या बाजूचं दार उघडलं. "सरक तिकडे. एरवी तरी कुठे धड चालवतोस?"

"कुंपणाच्या बाबतीत मात्र माझंच बरोबर होतं," असं पुटपुटत तो सरकला.