सहावा जुज

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक कल्पना करा. तुमच्या पोटात एक खाडी आहे. खाडीत एक होडी आहे. होडीत मिठाची पोती रचली आहेत आणि सुकाणू धरून तुमच्याच वयाची एक मुलगी बसली आहे. तिचं नाव मंजी. आभाळ काळं झालं आहे, वादळ येणार आहे. पण कुणी तुम्हाला उघडेपर्यंत वारा सुटत नाही, होडी हलत नाही आणि मंजीची पापणीही लवत नाही.

जमलं? आता डोळे उघडा. मी एक जुनी कादंबरी आहे, आणि माझं अर्धं आयुष्य असंच गेलं.

माझा जन्म छापखान्यातला. आमच्याकडे एका मोठ्या कागदावर सोळा पानं छापतात आणि तो कागद घड्या घालून दुमडतात. त्या दुमडलेल्या गड्डीला बांधणीवाले जुज म्हणतात. माझे असे आठ जुज दोऱ्यानं एकमेकांना शिवले, पाठीला डिंक लावला, वर पुठ्ठा चढवला आणि मी पुस्तक झाले. तुम्ही कधी जुन्या पुस्तकात पाहिलं आहे का? एक जुज संपतो तिथे वाक्य संपतंच असं नाही. अर्धं वाक्य इकडे राहतं, अर्धं तिकडे जातं. मधला दोरा तेवढा दोघांना धरून ठेवतो.

पुढे मी एका शाळेच्या कपाटात आले. पहिली काही वर्षं मुलं मला नेत होती, परत आणत होती. मग कपाटाची किल्ली कुठे आहे ते कुणाला आठवेना. वाळवीनं पुठ्ठा खाल्ला. माझं नाव छापलेलं पान गळून पडलं. दोरा कुजला. खाडीतला वारा थांबलेलाच राहिला.

कुलूप तोडून मला बाहेर काढलं त्या शाळेतल्या उदयसिंग सरांनी. दर उन्हाळ्याच्या सुट्टीआधी ते बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी कादंबऱ्या निवडत. लहानांच्या गोष्टी संपलेल्या आणि मोठ्यांच्या अजून न रुचणाऱ्या, अशा वयाच्या मुलांसाठी. एकीत डोंगरात हरवलेला भाऊ होता, एकीत सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या दोन मैत्रिणी होत्या. सर वर्गात प्रत्येक कादंबरीची सुरुवात सांगत आणि ऐन भरात थांबत.

"पुढचं पेटीत आहे," एवढंच म्हणत.

ती लोखंडी पेटी सुट्टीभर जऊळका गावी, जमशेदभाईंच्या दुकानात राहत असे. जमशेदभाई बांधणीचं काम करत. त्यांची मुलगी नाजिश सातवीत होती आणि पेटीची चावी तिच्याकडे होती.

त्या वर्षी सरांनी माझी गोष्ट कुठे थांबवली असेल? वादळाच्या तोंडावर. दुसऱ्या दिवशी सात मुलं दुकानात आली आणि नाजिश धरून आठही जणांना मीच हवी होते. ओढाताणीत माझी उरलीसुरली पाठही सुटली.

जमशेदभाईंनी मला हातावर घेऊन पाहिलं. "हिच्यात आता काई राह्यलं नाई, बेटा. पुठ्ठ्यात घालतो." जुने कागद एकावर एक चिकटवून ते नवा पुठ्ठा करत. म्हणजे माझ्या पोटातली खाडी कुणाच्या तरी हिशेबाच्या वहीचं कव्हर झाली असती.

"अब्बा, आपण सिपारे कसे वाचतो?" नाजिश म्हणाली. त्यांच्या घरी कुराणशरीफच्या पठणाला माणसं एकत्र बसत, तेव्हा त्याचे तीस भाग, म्हणजे सिपारे, वेगवेगळे बांधलेले असत. प्रत्येक जण एक उचली आणि सगळे मिळून पूर्ण ग्रंथ वाचून काढत. "तसे हिचे आठ जुज सोडा ना. एकेकाले एकेक."

जमशेदभाई हसले. "अगं, थे वेगळं. तिथं मागचं-पुढचं आधीच मालूम असते. कहानी मधातूनच वाचली त काय समजंल?"

"मंग आमी बसून एकमेकाईले सांगू."

त्यांनी कात्री घेतली. दोरा कापण्याआधी मात्र एक गोष्ट बजावली. "आठही वापस पायजेत. एक बी कमी झाला त मी शिवत नाई. अधुरी किताब बांधून कोनाच्या हातात देल्ली नाई मी आजवर."

मित्रांनो, त्या दिवशी मी आठ घरांत गेले. एकाच वेळी गोठ्यात होते, गच्चीवर होते, कूलरसमोर होते. ज्या वादळाला मी इतकी वर्षं पोटात दाबून ठेवलं होतं, ते एका दुपारी आठ ठिकाणी सुटलं. त्या मुलांपैकी एकानंही खाडी पाहिली नव्हती. तरी एकाच्या ओठांवर मीठ आलं आणि त्यानं जीभ फिरवून पाहिली. ते पाहून मी थक्क झाले. माझ्यात तर नुसती शाई होती.

आठवड्यानं एक सोडून सगळी दुकानात जमली आणि भांडण जुंपलं.

"थे मंजी चोट्टी हाय," तनवीर म्हणाला. त्याच्याकडे सातवा जुज होता. "काकाचं सारं मीठ इकून खाल्लं. काका विचारते, मीठ कुठं गेलं, त तोंड उघडत नाई."

"तुह्या तोंडात माती," ऋषिकेश म्हणाला. त्याच्याकडे शेवटचा, आठवा जुज होता. "माह्या भागात सारं गाव तिले डोक्यावर घेते."

"काहून घेते?"

"थे लिहेल नाई."

"मंग गावच येडं असंल."

नाजिशकडे पाचवा होता. "माह्यात तुफान येते, होडीत पानी शिरते अन् जुज खतम. मधातलं राखीपाशी हाय. थे आली की समजंल."

सहावा जुज राखीकडे होता. शेवटी ती आली, पण हातात जुज नव्हता. स्टीलचं ताट होतं, आणि ताटात राखाडी लगद्याचा गोळा.

"चाचा, कूलरमंदी पानी टाकून राह्यली होती," ती जमशेदभाईंना म्हणाली. "वर ठेवला होता. थो टाकीत पडला. रातभर दिसलाच नाई." ती रडली नाही. ताट त्यांच्यासमोर ठेवून उभी राहिली.

तनवीर पुटपुटला, "झालं. आता थे जल्मभर चोट्टीच."

जमशेदभाईंनी उरलेले सात जुज गोळा केले आणि पुठ्ठ्याच्या ढिगाकडे वळले. एकदा दिलेला शब्द ते फिरवत नसत, हे नाजिशला माहीत होतं.

"थे चोट्टी नाई," राखी म्हणाली. "चाचा, मले थो पुरा याद हाय. दोनदा वाचला."

"याद असनं अलग, बेटा. किताबीत जे लिहेल असते थेच पायजे. तुह्या मनचं घुसवलं त?"

"इचारून पाहा."

जमशेदभाई थांबले. त्यांनी सातवा जुज उघडला. त्याचं पहिलं वाक्य अर्धंच होतं, आणि त्याचं डोकं लगद्यात विरघळून गेलं होतं. त्यांनी वाचलं, "ठाऊक होतं; पण तिनं ओठ घट्ट मिटले." मग वर पाहिलं. "याच्या आधी काय हाय?"

राखीनं डोळे मिटले. सगळ्यांचे श्वास थांबले. माझा तर कधीचाच थांबला होता.

"मीठ खाडीत कुणासाठी गेलं, हे तिला," राखी म्हणाली.

जमशेदभाईंनी दोन्ही तुकडे मनातल्या मनात जोडून पाहिले. मग नाजिशकडे वळून म्हणाले, "कागद आन. सोळा पानं."

राखी सांगत गेली आणि नाजिश लिहीत गेली. होडी बुडायला आली होती. समोर उलटलेल्या छोट्या डोंगीला दोन लेकरं लटकली होती. ज्या घराशी काकाचं बोलणं बंद होतं, त्या घरची लेकरं. होडीत जागा नव्हती. मंजीनं वर्षाचं मीठ, एकेक पोतं, खाडीत ढकललं आणि त्या दोघांना वर घेतलं.

"अन् काकाले सांगतलं नाई काहून?" तनवीरनं विचारलं.

"सांगतलं असतं त काका म्हनला असता, थ्या घरच्याईसाठी माह्यं मीठ बुडवलं? अन् त्याईच्या दारात जाऊन भांडला असता."

तनवीरनं जमशेदभाईंच्या हातातल्या सातव्या जुजावर बोट ठेवलं. "म्या तिले चोट्टी म्हनलं," तो स्वतःशीच म्हणाला.

मित्रांनो, माझ्यात जे छापलं होतं, ते अक्षरशः तसंच राखीच्या तोंडून आलं असं नाही. पोत्याला ती कट्टा म्हणाली. लाट केवढी हे सांगताना म्हणाली, "एकबुर्जीचं धरन उभं केलं त जेवढं होईल तेवढी." मला वाटायचं, माझी गोष्ट माझ्या कागदावर आहे. ती कागद भिजल्यावरही एका मुलीच्या आत कोरडी राहू शकते, हे मला त्या दुपारी कळलं. अजूनही आठवलं की माझी पानं शहारतात.

जमशेदभाईंनी सात छापील आणि एक हातानं लिहिलेला जुज एका दोऱ्यानं शिवला. म्हणून माझं तुमच्याजवळ एकच मागणं आहे. आम्हाला पाण्यापासून जपा, वाळवीपासून जपा, पण तेवढ्यासाठी कपाटात कोंडू नका. यंदाच्या सुट्टीत एखादी कादंबरी उघडा आणि शेवटपर्यंत जा. वाचून झाल्यावर ती कुणाला तरी सांगा.

शिवून झाल्यावर मी सगळ्यात आधी कुणाच्या हातात जावं, यावर आठही जणांचं एकमत झालं. राखी मला घरी घेऊन गेली. या वेळी तिनं मला पहिल्या पानापासून वाचलं. मंजी लहानपणी पाण्यात पडली होती, गुडघाभर पाण्यातसुद्धा तिचे पाय कापत, हे तिला पहिल्यांदाच समजलं. पाचवा जुज संपला आणि नाजिशच्या अक्षरातला सहावा सुरू झाला. तिथे राखीनंच सांगितलेलं एक वाक्य होतं: 'मंजी बिलकूल घाबरली नाई.'

राखी त्या वाक्यापाशी थांबली. उठून पेन घेऊन आली. ते वाक्य तिनं एका रेघेनं खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं:

'मंजी लय घाबरली होती. तरी तिनं पयला कट्टा ढकलला.'

मग तिनं पान उलटलं.