मुळे सरांनी माझ्याकडे पाठ केली

मित्रांनो, मी बेलापूरजवळच्या एका हायस्कुलातला जुना लाकडी फळा आहे. आठवी 'ब'च्या भिंतीवर माझा मुक्काम. श्रीरामपूरच्या सुताराने मला घडवलं, आणि टेम्पोतून धूळ खात मी इथे आलो. शेजारच्या वर्गात पांढरा गुळगुळीत फळा बसला, तेव्हा मलाही भंगारात काढायचं ठरत होतं. "माझा फळा राहू द्या," असं विज्ञानाचे मुळे सर म्हणाले, म्हणून मी वाचलो.

मुळे सरांवर माझा फार जीव. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं, आणि लिहिता लिहिता तोंडाने समजावणं चालूच. त्यामुळे वर्गाला त्यांची पाठ दिसायची आणि चेहरा फक्त मला. सर मुलांना नव्हे, मलाच शिकवतात, असं वाटून मी फुशारून जायचो.

यंदा जूनमध्ये सुकन्या वर्गात आली. तिला ऐकू फार कमी येतं. कानामागे यंत्र असतं, पण समोरच्याचे ओठ बघूनच ती बोलणं ओळखते. पहिल्या चाचणीत ती विज्ञानात सपाटून आपटली. सरांनी तिच्या आईला, चांगुणाबाईंना, बोलावून घेतलं.

"ताई, हिला नगरच्या कर्णबधिरांच्या शाळेत घाला. तिथे तसं शिकवणारे शिक्षक असतात. मी वर्ग सांभाळू की हिच्याकडे बघू?"

"तिकडं वसतिगृहात ऱ्हावं लागंल, सर. माझी पोर घर सोडून न्हाई ऱ्हायची. गावच्या साळंत तर लई हुशार हुती. हितंच काय झालं?"

"सहामाहीपर्यंत बघतो. नाहीच जमलं तर दाखला घेऊन जा."

सर वाईट नव्हते हो. अशी मुलं आपल्याला झेपायची नाहीत, ही धास्तीच त्यांच्या मनात बसली होती. पण सुकन्या दाराशी उभी राहून दोघांचे ओठ बघत होती. तिला सगळं कळलं होतं. मला फार वाईट वाटलं.

आमच्याकडे शनिवारी मुलं मला काळं करतात. कोळसा कुटायचा, पाल्याच्या रसात कालवायचा आणि बोळ्याने फासायचा. एका शनिवारी कवायतीच्या गडबडीत ते राहून गेलं, म्हणून सोमवारी प्रार्थनेआधीच मुलांनी मला फासून टाकलं. पहिलाच तास मुळे सरांचा. खडू टेकवला, तर घसरला. वर बोटं काळी झाली.

"अरे, ओल्या फळ्यावर लिहू कसं?" सर करवादले. मग नाइलाजाने टेबलाला टेकून, वर्गाकडे तोंड करून हृदयाचे कप्पे शिकवू लागले. मुठीची उघडझाप करून ठोके दाखवले. प्रश्न विचारला, तर पहिला हात सुकन्याचा! उत्तर बरोबर. पुढच्या प्रश्नालाही तीच.

सर तिच्या बाकापाशी गेले. "मग इतके दिवस गप्प का होतीस गं?"

थांबत थांबत, जड आवाजात ती म्हणाली, "सर, आज तुमचं तोंड दिसलं. रोज फळ्याकडं असतं."

सरांनी वळून माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "माझंच चुकलं, बाळा," एवढंच म्हणाले.

सवय काही लगेच सुटत नाही. लिहिता लिहिता सर बोलू लागले, की सुकन्याच्या शेजारची निकिता कंपासपेटी वाजवते, आणि सर हसून वळतात. मागच्या बाकावरचा ओम परवा म्हणाला, "सर, आता मलाबी समजतंय."

सहामाही झाल्यावर चांगुणाबाई भीत भीत आल्या. "दाखला न्यायचा का, सर?"

"कसला दाखला? पास झालीय पोरगी. नववीतही तिला मीच शिकवणार."

चांगुणाबाईंनी पदराने डोळे पुसले. माझ्यावरचा खडूही जरा ओलसर झाला असेल.

सरांचा चेहरा आता मला क्वचितच दिसतो. थोडी चुटपुट लागते. पण त्यांच्या खांद्यावरून सुकन्याचा चेहरा दिसतो, आणि तो पाहून मी खूश असतो. मित्रांनो, मला रोज स्वच्छ पुसा, शनिवारी न विसरता काळं करा. आणि तुमच्यातलं कुणी पुढे शिक्षक झालं, तर लिहून झाल्यावर खडू खाली ठेवा आणि बिनधास्त माझ्याकडे पाठ फिरवा. मी मुळीच रागावणार नाही.