तळमजला

शमिकेने भिंतीला तळहात टेकला आणि हळूहळू वर नेला. खांद्याच्या वर, डोक्याच्या वर, मग टाचा उंचावून पोचेल तिथपर्यंत. रंग नवा होता, फिकट पिवळा. कुठे रेघ नव्हती, पोपडा नव्हता. तरी तिने बोटं नाकाशी नेऊन वास घेतला.

"कोरड्या ठाक आहेत भिंती, मॅडम," दलाल नितेश दारातून म्हणाला. "आणि बाजारपेठेत या भाड्यात घर म्हणजे... सगळं चिपळूण पालथं घातलंत तरी मिळायचं नाही."

चिपळूण तिचं पालथं घालून झालं होतं. लिफ्ट असलेल्या इमारतींची भाडी ऐकूनच ती परत फिरली होती. परवडणारी घरं तिसऱ्या नाहीतर चौथ्या मजल्यावर. खेंडीच्या चढावर एक बरं घर मिळत होतं, पण तिथून दुपारच्या सुटीत येऊन परत पतसंस्थेत वेळेवर पोचणं शक्य नव्हतं. आणि दुपारी घरी येणं भागच होतं. अप्पा डाव्या हाताने आपले आपण जेवत, पण घास गिळताना ठसका लागायचा. तेव्हा समोर कुणीतरी लागे.

बदली झाल्याने सोमवारी तिला पतसंस्थेच्या इथल्या शाखेत रुजू व्हायचं होतं. घर मिळालं नाही तर अप्पांना पनवेलजवळच्या एका वृद्धाश्रमात ठेवायचं, असं तिच्या भावाने, सलिलने, सुचवलं होतं. 'तात्पुरतं' असा शब्द त्याने वापरला होता. ते फोनवर बोलत असताना अप्पा शेजारीच बसून होते. त्या रात्री मिरजोळ्याच्या राहत्या घरात ते जेवले नाहीत.

आता ते बाहेर, खिडकीलगत उभ्या रिक्षात होते. जन्मभर एस.टी. चालवलेला माणूस, कुंभार्ली घाटाची वळणं तोंडपाठ असलेला. गेल्या दिवाळीनंतर अर्धांगवायूने उजवी बाजू गेली आणि जिभेवरचे शब्दही गेले. राहिलेले मोजके शब्द ते जपून वापरत.

"पाणी कुठवर आलं होतं?" शमिकेने विचारलं.

नितेश मोबाइलकडे बघू लागला. "एकवीस सालच्या पुराचं म्हणताय? आता नदीतला गाळ काढलाय, मॅडम. आता तसं—"

"पंख्यापर्यंत."

जिन्याकडच्या दारात घरमालकीण उभी होती. कुसुमकाकू. साठीच्या पुढची, सुती साडी, पदर कमरेला खोचलेला. राहायला वरच्या मजल्यावर, एकटीच.

"पंख्याला कचरा अडकलेला नंतर," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? विचारलंस म्हणून सांगते, बाय."

शमिकेने वर पाहिलं. नवा पांढरा पंखा स्थिर होता. खिडकीबाहेर बाजार चालू होता, कोणीतरी आंब्याच्या पेट्या उतरवत होतं. मे महिना संपत आला होता.

"किती वेळात चढलं?"

"पहाटे अंगणात होतं. चहा करते तोवर उंबऱ्याशी आलं. तेव्हा इथं शिंपी राहायचे, नवरा-बायको आणि त्याची म्हातारी आई, सखूआजी. अंथरुणाला खिळलेली. चादरीत घालून तिला आम्ही वर नेली. ते दोघं वरून, मी खालून." काकूंनी दोन्ही तळवे उघडून बघितले. "वाचली ती. पण चादर हातातून सुटत होती ना, ते अजून कळतं मला इथं."

हे घर नको, हे शमिकेचं आत कुठेतरी ठरून गेलं होतं. फक्त नाही म्हणायचं, रिक्षात बसायचं आणि सलिलला फोन करायचा.

"तुम्ही किती माणसं?" काकूंनी विचारलं.

"मी आणि वडील."

"ते कुठं आहेत?"

"रिक्षात. त्यांना जिना चढता येत नाही. म्हणून तर तळमजला."

काकूंचा चेहरा बदलला. त्यांनी नितेशकडे पाहिलं. "हे तू मला सांगितलं नाहीस."

"काकू, त्यात काय एवढं—"

"नाय बाय, मी नाय देऊ शकत. भाड्याचं नाय गो. दोन तरुण पोरं आली तर आज चावी देते. म्हातारं माणूस खाली ठेवून मला पावसात झोप लागायची नाय. दर तासाला खाली येऊन बघत बसेन."

क्षणापूर्वी जे घर तिला नको होतं, त्याच घरासाठी आपण हात जोडतो आहोत, हे शमिकेला स्वतःचा आवाज ऐकून कळलं.

"काकू, मी असेन ना. आभाळ भरलं की सुटी काढेन. पुराचा भोंगा वाजायच्या आधी त्यांना हलवीन."

"कुठं हलवशील? आणि एकटी कशी उचलशील?"

शमिकेच्या पर्समध्ये फोन थरथरला. सलिल असणार. तिने पर्स बंद केली.

तेवढ्यात जिन्याकडून काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

शमिका धावली. बाहेर रिक्षा रिकामी होती. रिक्षावाला समोरच्या टपरीवर पाणी पीत होता. अप्पांची चार पायांची काठी जिन्याच्या तोंडाशी आडवी पडली होती.

अप्पा पडले नव्हते. ते तिसऱ्या पायरीवर बसले होते, रस्त्याकडे तोंड करून. डावा तळहात त्यांनी पाठीमागे, वरच्या पायरीवर टेकवला. डावा पाय रोवला. मान खाली घालून जोर केला आणि बूड उचलून चौथ्या पायरीवर टेकवलं. निर्जीव उजवा पाय मागून फरफटत आला. विजारीला धूळ लागली होती, कपाळावरची शीर ताठली होती.

"अप्पा! काय करताय?"

त्यांनी हात वर केला. थांब, असा. धाप ओसरेपर्यंत ते थांबले.

"पयला," ते म्हणाले. मग बराच वेळ शब्द शोधत राहिले. "पयला... गिअर."

नितेश त्यांना धरायला पुढे झाला. शमिकेने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. तिचेही हात पुढे जात होते. ते तिने ओढणीत गुंडाळून घेतले.

पाचवी पायरी. या वेळी तळहात घसरला आणि अप्पांचं कोपर दगडावर आदळलं. त्यांच्या तोंडून बारीक आवाज निघाला. त्यांनी पुन्हा हात टेकवला. सहावी.

कुसुमकाकू बाजूने अंग चोरून वर गेल्या आणि जिन्याच्या टोकाला, आपल्या दारापाशी उभ्या राहिल्या. दाराशी त्यांची चप्पल होती, केरसुणी होती, पाण्याने भरलेली कळशी होती.

शमिका जिन्याकडे बघत होती. अप्पांच्या दोन पायऱ्यांमध्ये किती वेळ जातो, तो वेळ ती नकळत मोजायला लागली होती. पहाटे अंगणात. चहा होईतोवर उंबऱ्याशी.

"काकू," तिने खालून विचारलं, "पाणी याच जिन्याने वर आलं?"

"याच. वरच्या चार पायऱ्या तेवढ्या राहिल्या."

"अप्पा चढतायत असंच आलं? एवढ्या वेळात?" तिचा आवाज फाटला. "की याहून जोरात?"

अप्पांनी मान मागे वळवून वर पाहिलं, अजून किती उरलं ते बघितलं आणि पुन्हा तळहात पाठीमागे टेकवला.

कुसुमकाकू खाली वाकल्या. दारापुढची कळशी त्यांनी उचलून आत नेली. मग केरसुणी. मग चप्पल. पायरी मोकळी झाली, तशा त्या दाराच्या दोन्ही फळ्या पुरत्या उघडून एका बाजूला उभ्या राहिल्या.