गोवर्धनजींचं स्वागतपर भाषण

मानवजातीचा इतिहास तलवारीनं नव्हे, वाणीनं घडवला आहे. अकोटच्या गोवर्धनजींचा त्यातला वाटा एवढाच, की थोरल्या मुलीच्या साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, त्यांनी माइकवर 'हॅलो' म्हटलं होतं. त्यापुढचं सगळं त्यांचा साळा भगवंतराव बोलला. इतकं बोलला, की भजी गार झाली आणि नवरदेवाची आजी उठून एसटी धरायला गेली.

आता धाकट्या रागिणीचं साक्षगंध अकोल्यात ठरलं होतं. मुलाकडचे अमरावतीचे.

"बाबा, पाहुण्यांचं स्वागत तुमीच करा," रागिणी म्हणाली. "मामाजीच्या हाती माइक गेला, त मी अंगठीच घालून घेनार नाही."

रागिणीची आई मनकर्णाबाई भगवंतरावाची सख्खी बहीण, तिनंही मान डोलावली. तेव्हा प्रकरण गंभीर होतं.

गोवर्धनजींनी अकोल्यात भाषणाचा क्लास लावला. टायवाले कुलदीप सर म्हणाले, "समोर माणसं नाहीत, पत्ताकोबीचे गड्डे आहेत असं समजा. भीती पळून जाते."

गोवर्धनजींचा जन्म पत्ताकोबी लावण्यात गेलेला. त्यांनी विचारलं, "कोनत्या जातीची?"

"कोणत्याही."

"कोनतीही कशी समजू जी? उशिराच्या लावणीची असंन त अळी रायते."

"बिनअळीची समजा," सर म्हणाले आणि घटाघटा पाणी प्यायले.

मग गोवर्धनजी रोज सकाळी शेतात उभे राहून वाफ्याला म्हणू लागले, "आलेल्या सर्व पाहुण्यांचं मी मनापासून स्वागत करतो." कोबी शांतपणे ऐकायची. बोलता बोलता ते एखादी अळी वेचायचे, एखादा गड्डा भरला की पोचट ते दाबून पाहायचे. भाषण आणि हात, दोन्ही सोबतच तयार झाले.

साक्षगंधाच्या दिवशी भगवंतराव स्टेजच्या पायरीशीच घसा साफ करत उभा. गोवर्धनजींनी माइक घेतला. समोर खुर्च्यांच्या सरळ रांगा पाहिल्या, अन् भीती खरंच पळाली. आवाज असा खणखणीत निघाला, की मनकर्णाबाईंनी मागं वळून पाहिलं, दुसरंच कोणी बोलतं की काय.

बोलत बोलत ते खाली उतरले आणि रांगेतून चालू लागले. एका काकूंच्या खांद्यावरचं काहीतरी वेचून फेकलं. पहिल्या रांगेत नवरदेवाचे वडील चंद्रभानजी बसले होते. त्यांचे मोजके केस या कानापासून त्या कानापर्यंत तेल लावून नीट बसवलेले. गोवर्धनजींनी दोन्ही तळव्यांत ते डोकं धरलं, चांगलं दाबलं आणि माइकवर सांगितलं,

"पोचट हाय. राहू द्या अजून आठ दिवस."

रागिणीनं डोळे मिटले. भगवंतरावानं माइकसाठी हात पुढं केला.

तेवढ्यात चंद्रभानजींच्या बायकोनं, सुंदराबाईंनी, टाळी वाजवली. "लग्न झालं तवापासून मी हेच सांगून राहिली! कोनी ऐकते काय?"

सगळा हॉल हसला. अमरावतीचे एक आजोबा तर डोकं पुढं करून म्हणाले, "माह्यंही पाहा बरं!"

पण चंद्रभानजी हसले नाहीत. ते उठले. गोवर्धनजींच्या हातून त्यांनी माइक घेतला. अंगठीची डबी नवरदेवाच्या हातातच राहिली.

"इवाही," चंद्रभानजी भारदस्त आवाजात आपल्या व्याह्यांना म्हणाले, "कंगवा हाय काय तुमच्यापाशी?"