फाटायला शिवलेले सुळके

विमानांच्या शर्यतीला जायचं ठरलं तेव्हा त्यातून सगळ्यात जास्त मिळणार होतं ते लेकीला, आणि ती स्वतः जाणार नव्हती.

जाणार होते तिचे बाबा आणि मामा. मामांच्या वाट्याला तीन दिवस विमानं येणार होती, तीही कुंपणाच्या आतून, कारण बाबा ज्या कारखान्यात शिवणकाम करायचे तिथल्या कामगारांना दर शर्यतीचे पास मिळत. बाबांच्या वाट्याला काय येणार हे कुणी बघितलंच नव्हतं. आई गेल्यापासून त्यांच्या बाजूला मांडायचं म्हटलं तरी मांडणार काय? जेवायचं का, चालेल. नंतर जेवायचं का, चालेल. बूट काढा म्हटलं की काढायचे, नाही म्हटलं तर बूट घालूनच पलंगावर बसून राहायचे. रडले नव्हते, चिडले नव्हते. आत्या गळ्यात पडून रडली तेव्हा त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, पण तो कापडाचा पोत बघावा तसा.

लेक दातांच्या कवळ्या बनवायची. इथे तिच्या हाती यायच्या त्या तुटलेल्या, सांधायला आलेल्या. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत तिला अख्खं तोंड नव्याने उभं करायला मिळणार होतं. महिनाअखेरीस हजर व्हायचं, नाहीतर तिच्यामागे रांग होतीच. ती निघून गेली तर बाबांना बूट काढायला कोण सांगणार, एवढाच प्रश्न होता. त्याचं उत्तर म्हणजे मामा.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. उभा जन्म बस स्थानकावर गाड्या पुकारण्यात गेला आणि निवृत्त झाल्यावरही आवाज काही खाली आला नाही. साखर मागितली तरी शेजारची दोन घरं साखर शोधायला लागत.

"संध्याकाळी दाजींच्या सोबतीला मी येऊन राहतो," मामा म्हणाले होते. "दिवसा ते कामावर, मी वाचनालयात. पण एक अट आहे. मी जन्मभर फलाटाशी बोललो. फलाट उत्तर देत नाही. आता म्हातारपणी पुन्हा फलाट नको. दाजींनी दिवसाला चार वाक्यं तरी बोलली पाहिजेत."

"चार कुठून आणू, मामा?"

"बरं, दोन. पण 'चालेल' धरायचं नाही."

शर्यत ही लेकीचीच युक्ती. तीन दिवस दोघं एकत्र राहतील, वर विमानं गरगरतील, एखादं वाक्य सुटेल. सुटलं की ती बॅग भरायला मोकळी.

बाबांचा कारखाना तसा तंबू आणि ताडपत्र्यांचा. शर्यतीचे सुळके अलीकडचे. चार मजली घराएवढा उंच कापडी सुळका, खालून पंख्याने हवा भरून उभा केलेला. असे दोन-दोन सुळके उभे करायचे आणि विमानांनी त्यांच्यामधून, जमिनीलगत, सुसाट जायचं. चुकून एखाद्याचा पंख लागलाच तर सुळका फाटला पाहिजे, पंख नाही. म्हणून कापड कागदासारखं पातळ, दोरा कच्चा, टीप एकेरी. जन्मभर तंबू शिवलेल्या हातांना हे पचायला जड गेलं. वादळात टिकेल असं शिवणं ही त्यांची अब्रू. फाटेल असं शिव म्हणजे स्वयंपाक्याला मुद्दाम अळणी रांध म्हणण्यासारखंच. हात नकळत पक्की टीप मारायचे. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक सुळक्याबरोबर त्याच मशीनवर, त्याच दोऱ्याने एक चिंधी शिवायची आणि मुकादमाने ती दोन हातांनी ओढायची अशी पद्धत पडली. चिंधी फाटली तरच सुळका गाडीत चढायचा.

पास मात्र सगळ्यांचे टेबलाच्या खणात पडून राहत. दिवसभर जे कापड मांडीवर, तेच बघायला सुट्टी घालवायची?

तर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर बेत आखायला बैठक बसली. मामांनी नकाशा पसरला, त्यावर दुर्बीण ठेवली, कानात घालायचा कापूस ठेवला आणि दोन टोप्या ठेवल्या. नकाशा दिसेनासा झाला.

"पहिला दिवस सरावाचा," मामांनी पुकारलं. "दुसरा दिवस कसरतींचा. विमानं धूर सोडत उलटी होतात, वैमानिक डोकं खाली करून जातो. तिसरा दिवस शर्यतीचा. दाजी, बसायचं कुठे? सुरुवातीला की वळणावर?"

"चालेल."

"काय चालेल? मी दोन जागा सांगितल्या."

"दोन्ही."

"दोन्हीकडे एकदम बसायला आपण काय धूर आहोत?"

"वळणावर बसा, मामा," लेक म्हणाली. "सगळी गंमत तिथेच असते म्हणतात."

"तू मधे बोलू नकोस गं. तू उत्तर दिलंस की त्यांचं एक वाक्य बुडतं."

लेक हसली. बाबा टोपीची शिलाई बघत होते. मामांनी हार न मानता फोन काढला, गेल्या शर्यतीची चित्रफीत लावली आणि दाजींच्या नाकासमोर धरली. पिवळं विमान आडवं होऊन वळणावर आलं, पंखाचं टोक सुळक्याला लागलं, सुळका टरकन फाटला, चिंध्या उडाल्या आणि विमान काही झालंच नाही अशा थाटात पुढे निघून गेलं.

"बघा तुमचं शिवणकाम!" मामा ओरडले. "एका फटक्यात चिंध्या! याचा पगार घेता तुम्ही?"

बाबांनी फोन हातात घेतला.

"परत लाव."

मामांनी भाचीकडे बघून भुवया उडवल्या. चित्रफीत परत लागली. मग अजून एकदा. बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "शिवणीवर उसवलं," ते म्हणाले. "कापड नंतर गेलं."

"दोन!" मामा म्हणाले. "नाही, तीन! अगं, तीन झाली!"

लेकीने मान डोलावली. मनातल्या मनात ती बॅगेत स्वेटर ठेवत होती. माणूस माणसात येतोय असं तिला वाटलं. तशी चूक कुणाचीही झाली असती. महिनोन्महिने ज्याने कशाकडे बघितलं नाही तो एका गोष्टीकडे तीनदा बघतो, तर घरच्यांनी आनंदच मानायचा असतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा आले आणि बुटांसकट थेट स्वयंपाकघरात गेले. लेक ओट्याशी होती. त्यांनी खिशातून कापडाची एक पट्टी काढून तिच्यासमोर धरली.

"ओढ."

तिने हात पुसले आणि ओढली. मग भिंतीला पाठ टेकवून पुन्हा ओढली. कवळ्या घासून घासून तिच्या बोटांत बरीच ताकद आली होती. पट्टी ताणली गेली, तेवढीच.

"नाही फाटत."

"फाटायला पाहिजे होती. तुझी आई गेली त्या आठवड्यातली चिंधी आहे ही. भंगाराच्या पोत्यात होती. मी तेव्हा तंबू सोडून सुळक्यावर बसलो, पण दोरा बदलला नाही. टीपही दुहेरी आहे. मला आठवत नाही, पण हात माझाच आहे."

लेक ऐकत होती आणि सवयीने वाक्यं मोजत होती. सहा-सात झाली असतील. लक्षात आलं तेव्हा तिने मोजणं थांबवलं.

"मुकादमाने ओढून बघितली नाही?"

"चिंधी घेतली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पोत्यात टाकली. म्हणाला, मास्तर, तुमचं काय बघायचं, घरी जाऊन पडा जरा."

"सुळका कुठे आहे?"

"गेला. मैदानावर उभा करतायत."

"पंख त्यालाच लागेल कशावरून?"

"लागेलच असं नाही. बहुतेक लागत नाही."

"आणि लागला तर?"

बाबांनी पट्टीची घडी केली. "मग कापड सुटणार नाही. विमान अडकेल."

ओट्यावरचं पाणी खाली ठिबकत होतं. तिने नळ बंद केला.

"सांगू का?" बाबांनी विचारलं. बाहेर जाताना कोट घालू का, असं विचारायचे त्याच आवाजात.

म्हणजे ठरवायचं तिनेच. ती 'राहू द्या' म्हणाली असती तर ते 'चालेल' म्हणून हात धुवायला गेले असते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने दोन्ही बाजू मांडून बघितल्या. सांगितलं तर पास जातील. बाबांचं मशीन जाईल. मग ते दिवसभर घरी, आणि मामा फक्त संध्याकाळचं बोलले होते. म्हणजे प्रयोगशाळाही गेली. न सांगितलं तर बहुतेक काहीच होणार नव्हतं. तो 'बहुतेक' तिने पुन्हा पुन्हा तपासला. कवळी तोंडात बसते का ते बघताना असाच एक कण राहतो. माणूस हसतो, बरं वाटतंय म्हणतो, आणि महिन्याभराने हिरडी सोलून परत येतो.

तिला भीती वाटायला हवी होती. किमान बाबांचा राग यायला हवा होता. काहीच आलं नाही. बाबांना इतके दिवस असंच होत असणार, एवढं मात्र तिच्या डोक्यात आलं आणि गेलं.

"सांगा," ती म्हणाली.

"जेवायच्या आधी की नंतर?"

"आधी."

बाबांनी बाहेरच्या खोलीत जाऊन फोन लावला. मुकादमाचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायला हवा होता, कारण तो कारखान्यात मशीनवरून बोलायला शिकलेला माणूस, पण आला नाही. बाबा बराच वेळ नुसते कानाला फोन लावून उभे होते. मग म्हणाले, "नाही, तू ओढली असतीस तर तुलाही कळलं असतं, एवढंच." दोष देण्यासाठी नव्हे, माप सांगावं तसं. पलीकडून काहीतरी बोलणं झालं.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मैदानावर मीच कळवतो. तुम्ही जेवून घ्या."

मग दोघं जेवली.

मुकादमाने शब्द पाळला, त्यात काही कमी केलं नाही. चिंधी ओढली नाही हेही त्याने स्वतःच सांगितलं. मैदानावरच्या लोकांनी सुळका उतरवला, जादा ठेवलेला दुसरा चढवला आणि आभार मानले. ते कुणाचे, हे फोनवर नीट कळलं नाही. मग चौकशीला माणसं आली. ती चहा पिऊन, उरलेल्या सगळ्या चिंध्या ओढून गेली. सगळ्या व्यवस्थित फाटल्या. तरी सुळक्यांचं काम कारखान्यातून काढून घेण्यात आलं. मुकादमाला गोदामात ताडपत्र्यांच्या घड्या मोजायला बसवलं. बाबांना मालकाने मऊ आवाजात सांगितलं, काही दिवस घरीच आराम करा, मास्तर. काही म्हणजे किती ते त्याने सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही. पास रद्द झाले हे वेगळं सांगायला नको.

मामा मात्र गेले. रजा काढायची नव्हती, टोपी घेतलेली होती आणि इतक्या लोकांना सांगून झालं होतं की न जाणं शक्यच नव्हतं. कुंपणाच्या बाहेर, टेकाडाच्या उतारावर, गर्दीत उभं राहून तिन्ही दिवस बघितलं. परत आले ते घसा बसवून. बस स्थानकावर जे कधी झालं नाही ते विमानांनी करून दाखवलं. त्या घरात पहिल्यांदाच मामांचं बोलणं ऐकायला लोकांना पुढे वाकावं लागलं.

"काय सांगू," मामा घोगरले. "दुसऱ्या दिवशी पाच विमानं एकमेकांना चिकटून गेली. मधे रुमाल ठेवला असता तर पडला नसता. आणि शर्यतीत तो पिवळा! पहिला येता येता दुसरा आला. माझ्या शेजारी एक बाई होती, ती रडली त्याच्यासाठी. ओळख ना पाळख."

"कुणाचा पंख लागला का सुळक्याला?" लेकीने विचारलं.

"छे. सगळे सुळके शेवटपर्यंत जसेच्या तसे उभे."

"एकालाही नाही?"

"एकालाही नाही. म्हटलं ना. थोडी निराशाच झाली लोकांची."

बाबा खुर्चीत होते, पायात बूट होते.

"वारा होता?" त्यांनी विचारलं.

"सकाळी होता. दुपारी पडला."

"मग बरोबर."

मामांनी भाचीकडे बघितलं. "दोन झाली," ते हळूच म्हणाले, हळू बोलण्याशिवाय इलाजच नव्हता. "धरायची का?"

"आता ते दिवसभर घरी असतात, मामा."

मामा टोपी मांडीवर फिरवत बसले. ते वाईट माणूस नव्हते. एकटे राहिलेल्या माणसाला संध्याकाळ देता येते, पण सकाळपासूनचा अख्खा दिवस द्यायचा म्हणजे त्याचं स्वतःचं काही उरत नाही.

"मी संध्याकाळचं बोललो होतो गं."

"ठाऊक आहे मला. चहा टाकू?"

"टाक. आणि गरम पाणीही दे, गुळण्या करायला."

शेवटी ज्याने त्याने किंमत म्हणून काय भरलं ते असं. पिवळ्या विमानातल्या वैमानिकाने काही भरलं नाही, त्याला कुणी काही सांगितलंही नाही. मालकाचं तंबूंवर भागलं. मुकादमाने आपली खुर्ची भरली, तीही एका माणसाला लवकर घरी जायला सांगितलं म्हणून. मामांचा आवाज मिठाच्या गुळण्यांनी आठवड्याभरात परत आला, म्हणजे त्यांचं खातं फिटलं. बाबांनी मशीन भरलं, आणि त्यांना ते गेल्यासारखं वाटतं का, हे अजून कुणाला समजलेलं नाही. उरलेलं सगळं लेकीच्या नावावर पडलं. महिनाअखेरीस प्रयोगशाळेतून फोन आला. जमणार नाही, ती म्हणाली. पलीकडच्या बाईंनी बरं म्हटलं आणि कारण विचारलं नाही.