तीन टिचक्या

मी एक जुनी दोरी आहे, मित्रांनो, कपडे वाळत घालायची. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काही आहे का, याची मला अजूनही शंका वाटते.

बरीच वर्षं मी एका शिंपीणमावशींच्या गच्चीवर ओल्या चादरी पेलल्या. मग सैल पडले आणि खिळ्याला लटकत राहिले. त्या सुमारास सरकारी पकडपथकाने गल्लीत परदेशातून आलेल्या कुटुंबांची धरपकड सुरू केली. मुलांना शाळेत सोडायला गेलेले आईबाप परत येईनात. तेव्हा मावशींनी मला खाली काढून माझ्यावर आठ कापडी कड्या शिवल्या. रोज सकाळी एकेका कडीला धरून एकेक मूल चालू लागलं. पुढे मावशी, मागे निवृत्त पोस्टमन. आईबाप घरातच थांबत. खूण ठरलेली होती: दारावर तीन टिचक्या. घंटा वाजली, तर ती आपली माणसं नव्हेत.

मुलांच्या घामेजल्या मुठींनी मी काळवंडले. येणारेजाणारे कौतुक करत. मला थोडा गर्व झाला, हे कबूल करते.

एका सोमवारी मावशी तापाने पडल्या. पोस्टमन एकटेच निघाले. सातव्या दाराशी चाळीस वर्षांची सवय बोटात उतरली. त्यांनी घंटा दाबली. दोनदा.

आत खुर्ची पडली. आई मुलीला घेऊन मागच्या दाराने निघाली आणि मागच्या बोळात पकडपथकाची गाडी खरोखरच उभी होती. आम्ही वळसा घालून पोचलो, तोवर तिला धरलं होतं. अटकेचा हुकूम तिच्या एकटीच्या नावाचा होता. तिने मुलीची मूठ माझ्या सातव्या कडीवर आवळली.

"आजोबा, तुम्ही होतात?" एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी पोस्टमन मला मावशींच्या उशाशी ठेवून निघाले. हा हात आता विश्वासाचा नाही, म्हणाले.

मावशींनी विचारलं, "पत्र चुकीच्या घरी पडलं, तर नोकरी सोडत होतात का?"

"पत्र परत उचलून आणता येतं, बाई."

मावशींनी माझी सातवी कडी बोटांत धरली. मग म्हणाल्या, "पोरीला शाळेत तर नेता येतं. उद्या साडेसातला या."

ते आले. आता प्रत्येक दाराशी ते उजवा हात खिशात घालतात आणि डाव्याने टिचक्या मारतात. गल्लीतल्या मंडळींनी वकील गाठला आहे. आईची सुनावणी गुरुवारी आहे. तोवर मुलीची आत्या त्या घरी राहायला आली आहे.

मित्रांनो, मला जपा असं म्हणत नाही. दोरी झिजायचीच. पण कुणाच्या दाराशी गेलात, तर आत कुणी श्वास रोखून बसलं असेल, हे आठवा. सातव्या दाराआड ती मुलगी टिचक्या मोजते. बाहेर मी मोजते. एक. दोन. तिसरी पडेपर्यंत मला चैन पडत नाही.