वाट्याच्या तेलाचा फलक

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा फलक आहे, आणि मी रागावलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला फसल्यासारखे वाटायला नको. माझा आवाज लहान आहे. गंज चढलेल्या पत्र्याला ओरडता येत नाही. पण हळू बोलणाऱ्याचा राग खोटा असतो असे समजू नका.

माझा जन्म तेलाच्या कचेरीमागच्या लोहाराच्या भट्टीशेजारी झाला. दोन पत्रे जोडून, कडेने पट्टी ठोकून, मला दोन लोखंडी खांबांवर उभे केले. कचेरीसमोरच्या चौकात माझी जागा होती. अंगावर पांढरा तैलरंग होता आणि माथ्यावर काळ्या अक्षरांत एक ओळ: ‘तुमच्या वाट्याचे तेल’. खाली दरवर्षी एक आकडा लिहायचा. देशाच्या जमिनीखाली जेवढे तेल उरले आहे त्याला देशातल्या माणसांनी भागायचे. उत्तर पिंपांत येते. राजा असो की हमाल, प्रत्येकाच्या नावे तेवढी पिंपे.

पहिल्या वर्षी माझ्यावर चारशे बारा लिहिले. मित्रांनो, काय तो दिवस होता! बाया मुलांना कडेवर घेऊन येत आणि बोटाने आकडा दाखवत. एक म्हातारा रोज सकाळी टोपी काढून मला नमस्कार करायचा. ज्याने जमिनीच्या पोटात हे ठेवले त्यालाच तो नमस्कार होता, मी मधला निरोप्या, हे मला तेव्हाही कळत होते. तरी छाती फुगायचीच.

आकडा काढायची मोजणीबाई. शांत बाई. वर्षभर दारोदार फिरून डोकी मोजायची, विहिरींवर जाऊन उपसलेले तेल वजा करायची. गणित दोनदा केल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही, हा तिचा नेम. आकडा लिहायचा रंगारी. त्याची बायको दुपारी डबा घेऊन यायची.

रंगाऱ्याची एक पद्धत होती, ती नीट ध्यानात ठेवा. तैलरंगाचे अक्षर वाळले की त्याला उठाव येतो. त्याच्यावरच नवे अक्षर काढले तर जुने खालून डोकावते. म्हणून तो दरवर्षी जुन्या आकड्यावर पांढरा हात मारायचा आणि नवा आकडा वीतभर खाली लिहायचा. जुना रंग खरवडायचा नाही, हा कचेरीचा दंडक. खरवडायला वेळ लागतो, तेवढा वेळ फलक कोरा दिसतो, आणि कोरा फलक पाहून लोक प्रश्न विचारतात.

चारशे बाराचे चारशे तीन झाले. मग तीनशे एक्याण्णव. मग तीनशे अठ्ठ्याहत्तर.

“दरवर्षी उतरतोच कसा हो?” रंगाऱ्याने शिडीवरून विचारले.

“पिंप खालून गळतंय आणि वर पंगत वाढतेय,” मोजणीबाई म्हणाली. “चढणार कुठून?”

मला त्या उतरत्या आकड्यांची लाज वाटली नाही. खरे सांगणाऱ्याला लाज कसली? लोक थबकून वाचत. कोणी म्हणे, जरा बेताने उपसा. कोणी म्हणे, विकलेल्या तेलाच्या बदल्यात शाळा तरी बांधा. मी माझे काम करत होतो.

मग नवे साहेब आले. माझ्याच सावलीत उभे राहून त्यांनी मोजणीबाईला सांगितले, “बाई, आकडा खाली आला की लोकांचं मन खचतं.”

“मन खचू नये म्हणून माणसं कमी करायची, साहेब?”

“कमी कुठे केली? फक्त मोजली नाहीत.”

तेलाच्या मोठ्या नळ्यांपलीकडे, देशभर, मजुरांच्या पत्र्याच्या वस्त्या होत्या. त्या ‘तात्पुरत्या’ ठरल्या. ज्याचे घर तात्पुरते त्याचे डोकेही तात्पुरते, असा नियम निघाला. आमचा रंगारी अशाच तात्पुरत्या घरात चौदा वर्षे राहत होता. मोजणीबाईने सही केली नाही, तर तिची बदली अडगळीच्या खोलीत झाली. गणित दुसऱ्याने केले. आकडा चारशे पंचावन्नवर चढला.

दुपारी बायको डबा घेऊन आली. तिला सहावा महिना होता.

“वाढलं की!” ती वर बघून म्हणाली. “मग आपल्या वाट्यातलं एक पिंप आणा उचलून. ओल्या फळकुटांच्या धुरानं डोळे गेले माझे.”

“आपण त्यात नाही.”

“म्हणजे?”

“आपल्याला वगळून भागलंय. म्हणून तर वाढलं. आणि मोजणीत नाव नाही तर रॉकेलचं कार्डही नाही. कालच रद्द झालं.”

तिने डबा उघडला, त्याच्यापुढे ठेवला. मग म्हणाली, “म्हणजे आपण सगळे मेलो की देश आणखी श्रीमंत होईल. जेवा.”

मित्रांनो, माझ्या अंगावरचा रंगही तेलाचाच होता. ज्याने तो लावला त्याच्या घरी चूल पेटवायला तेल नव्हते, आणि तो माझ्यात कुठेच नव्हता. त्या दिवशी टाळ्या वाजल्या. मला हार घातला. तो हार तीन दिवस माझ्या गळ्यात कुजत होता आणि मला तो काढता येत नव्हता.

दोन महिन्यांतच साहेबांना चारशे पंचावन्नही कमी वाटू लागला. परदेशी पाहुणे येणार होते. समुद्राखाली तेल असावे असे कोणीतरी म्हणाले होते. कोणी पाहिले नव्हते, नळी घातली नव्हती, पण ते धरले गेले. पाचशे तीस लिहायचा हुकूम निघाला. पाहुणे अकराला यायचे होते.

रंगारी नऊलाच आला. मागून मोजणीबाई आली, हाताला अडगळीतली धूळ. तिने एक चिठ्ठी त्याला दिली. “तीनशे एक्केचाळीस. सगळ्यांना धरून. समुद्रातलं न सापडलेलं सोडून. दोनदा पडताळलंय.”

“आमच्या घरची किती धरलीत?”

“दोन.”

“अडीच आहोत.”

“जन्मल्यावर धरतात,” ती हळूच म्हणाली. “जन्मू दे सुखरूप.”

तो शिडीवर चढला. मला वाटले, आता पांढऱ्याचा गार हात फिरेल. पण त्याच्या हातात खरवडायची पत्री होती. दुखले हो. पापुद्रे खाली पडत होते आणि मला आयुष्यात पहिल्यांदा हलके वाटत होते. पांढरा थर सुटला आणि चारशे बारा दिसला. त्याखाली चारशे तीन. तीनशे एक्याण्णव. तीनशे अठ्ठ्याहत्तर. त्याखाली एकदम चारशे पंचावन्न. आणि सगळ्यात खाली त्याने ताज्या काळ्या रंगाने लिहिले: तीनशे एक्केचाळीस.

चौकात माणसे जमली. एक आजी बोटाने आकड्यांच्या पायऱ्या उतरत खाली आली आणि अडली. “उतरता उतरता मध्येच वर कसा रे चढला? माणसं मेली का त्या साली?”

“मेलो नाही, आजी,” रंगारी शिडीवरून म्हणाला. “वगळलो.”

कोणी टाळी वाजवली नाही. अकराला पाहुणे आले, तेव्हा चौकातले लोक त्यांच्याकडे पाहत नव्हते, माझ्याकडे पाहत होते.

संध्याकाळच्या आत मला उपटले. रंगाऱ्याचे काम गेले. मोजणीबाईची नोकरीही गेली. मला नळ्यांपलीकडे फेकून दिले, तिथून रंगाऱ्याने मला घरी नेले. आता मी त्याच्या घराची मागची भिंत आहे. आकडे आतल्या बाजूला आहेत. चुलीच्या धुराने ते काळवंडतात, मग त्याची बायको ओल्या फडक्याने मला पुसते.

मुलगी झाली. बारशासारखी गर्दी नव्हती, पण मोजणीबाई वही घेऊन आली. पगार नसताना ती नळ्यांपलीकडची घरे मोजत फिरत होती. “आता तीन,” म्हणत तिने रेघ ओढली. वर्षभराने तिचे गणित संपले आणि रंगाऱ्याने उरलासुरला रंग घेऊन माझ्यावर लिहिले: तीनशे एकोणतीस.

“कार्ड आलं का?” बायकोने विचारले.

“नाही.”

“मग लिहून काय मिळालं?”

“आज काही नाही,” मोजणीबाई म्हणाली. “पण ही मोठी झाली की तिला कोणी सांगायला नको, माहीत नव्हतं म्हणून.”

मित्रांनो, मला रंगवू नका, हार घालू नका. माझी काळजी घ्यायची असेल तर एवढेच करा. कोणी तुम्हाला चढता आकडा दाखवला की आधी विचारा, भागताना कोण गाळले? आणि जे संपत चालले आहे त्याची वजाबाकी कोणी लपवली? ज्याने तेल दिले त्याने ते एका पिढीच्या नावाने दिले नव्हते. आमची पोरगी जन्मायच्या आधीच तिच्या नावची एकाहत्तर पिंपे कमी झाली होती, आणि तिच्या आईने तिला ओल्या लाकडाच्या धुरात वाढवले.

ती आता भिंतीला धरून उभी राहते. तिचा हात बरोबर माझ्या तळाशी पोहोचतो, जिथे एक वीत जागा कोरी आहे. तिथे पुढचा आकडा येईल. मोजाल तेव्हा तिला धरून मोजा.